सोळा अंश

बर्फाच्या पाण्यात बाटली हळूहळू फिरत होती आणि स्नेहलला झोप येत होती.

खरी झोप नव्हे. आठ महिने एका दमात दोन तासांवर न झोपलेल्या बाईला भर दुपारी येते, ती. काचेबाहेर सुप्याचा माळ उन्हात हलत होता. एमआयडीसीची पांढरी छपरं मध्येच तरंगायची, मध्येच खाली बसायची. हॉटेलच्या हॉलमध्ये एसी संध्याकाळीच लावत. आता नुसता पंखा होता, तोही कुरकुरणारा.

समोर रेश्मा मॅडम बसल्या होत्या. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून परीक्षा घ्यायला आलेल्या. कंपन्यांमधले परदेशी इंजिनिअर रात्री इथं जेवायचे, त्यांना वाइन वाढायला जाणतं माणूस हवं होतं. काम एकच. रेड वाइन बरोबर तापमानाला आणून ग्लासात ओतायची. थर्मामीटर मॅडमनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता.

आधीचे दोघं लवकर बाद झाले. रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हे पुस्तकातलं वाक्य एकाला पाठ होतं. ती खोली कुठल्या तरी थंड देशातली, एप्रिलातल्या सुप्याची नव्हे, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने वाढलेली वाइन काढ्यासारखी लागली. दुसऱ्याने फ्रीजमध्ये इतका वेळ ठेवली की मॅडमनी एक घोट घेऊन ग्लास बाजूला सरकवला.

स्नेहलला आकडा माहीत होता. सोळा. आणि तो हातालाही कळावा म्हणून गेले अकरा दिवस ती तान्ह्या ओमच्या अंघोळीच्या पाण्याचा थर्मामीटर पेल्यात बुडवून बसत होती. सोळा झाले की एक थेंब मनगटावर. मग पुन्हा.

"पान्याची कसली गं परीक्षा?" सासूबाई, रतनबाई, विचारायच्या. "पानी ते पानीच."

नोकरीसाठी पहिल्यांदा फोन केला तेव्हाच पलीकडच्या माणसाने सांगितलं होतं, "संध्याकाळची पाळी असते. लहान मुलांच्या आया आम्ही घेत नाही. तुम्हाला मूलबाळ?"

"नाही," स्नेहल म्हणाली होती. तेव्हा ओम तिच्या मांडीवर दूध पीत होता.

घरापासून दहा मिनिटांवर असं दुसरं हॉटेल नव्हतं. हे गेलं तर शिकलेलं सगळं डब्यात बंद करून ठेवायचं, ओम मोठा होईपर्यंत. आणि तोवर हात काय काय विसरतील, कुणी सांगावं.

आत्ता ओम रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली होता, आजीच्या मांडीवर.

"कुणी इचारलं तर माझं लेकरू हाय म्हनंन," रतनबाई रिक्षातून उतरताना म्हणाल्या होत्या.

"आई, तुम्ही साठीच्या आहात."

"मग नातू म्हनंन. नातू तर हायच की."

"म्हणा काहीही. फक्त गेटजवळ येऊ नका."

चार वाजत आले. ओमची दुधाची वेळ. कुडत्याच्या आत ठेवलेली रुमालाची घडी ओली व्हायला लागली. पंखा कुरकुरला आणि तिला वाटलं, ओम रडला. तिने कान टवकारले. पंखाच होता. मग वाटलं, नाही, रडलाच.

तिने बाटली पाण्यातून काढली, फडक्यात गुंडाळली. फडकं ओलं, आतलं ओझं गार आणि भरीव. ते डाव्या कोपराच्या खळीत आपोआप बसलं. बाहेरचा लिंब आत आल्यासारखा हॉलभर सावली हलत होती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. तिचे डोळे जड झाले. किती वेळ गेला कळलं नाही. एकदम भान आलं तशी तिने बूच काढलं, ग्लासात घोटभर ओतलं, बोट बुडवलं आणि थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला.

माघातल्या पहाटे अनवाणी पायाला फरशी लागते, तसा गार. सोळा.

तिने ग्लास भरून पुढे ठेवला.

रेश्मा मॅडमनी थर्मामीटर बुडवला, पाहिला, पुसून ठेवला. मग एक घोट घेतला.

"कुठे शिकलात?"

"नगरला. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात."

"कॉलेजात मनगटावर थेंब टाकायला शिकवत नाहीत."

स्नेहलने मनगट पाठीमागे नेलं.

"आणि बाटलीला कुणी झोके देत नाही," मॅडम म्हणाल्या. "थोपटत होतात तुम्ही तिला. चांगली पाच मिनिटं."

पंखा कुरकुरत राहिला.

"किती महिन्यांचं आहे?"

नाही म्हणता आलं असतं. भावाचं आहे, बहिणीचं आहे, काहीही. पण रुमालाच्या घडीतला ओलावा आता कुडत्यावर आला होता आणि तो दोघींनाही दिसत होता.

"आठ," स्नेहल म्हणाली. आणि एप्रनची गाठ सोडायला लागली.

मॅडमनी फॉर्म ओढून घेतला. तापमानापुढे बरोबरची खूण केली. 'मुलं' असा एक रकाना होता, तो स्नेहलने कोराच सोडला होता. त्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात 'नाहीत' लिहिलं, खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"सोमवारपासून या," त्या म्हणाल्या. मग हॉलचं दार बंद आहे ना, ते वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "माझी मुलगी बारावीला आहे. कंपनीत अजून कुणाला माहीत नाही."