पुस्तकाला पाय

टोरांटोत हातानं केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन होतं. थुईचं टेबल माझ्या शेजारीच, आणि तिच्यापुढे ही रांग! व्हिएतनामी म्हणून रस्त्यात ऐकाव्या लागलेल्या शिव्या तिनं लाल दोऱ्यानं कापडी पानांवर भरल्या होत्या. माझं रांगोळ्यांचं पुस्तक बघून लोक "किती सुंदर" म्हणायचे आणि तिच्याकडे सरकायचे. माझा नुसता जळफळाट होत होता.

थुई कॉफी आणायला गेली. कुणाचा तरी धक्का लागून तिचं पुस्तक खाली पडलं. मी का उचलू? तोऱ्यात उठले, तर माझाच बूट त्याला लागला.

हात आपसूक खाली गेला, पुस्तकाला लागून कपाळाला टेकला. समोर उघडं पान होतं: "आपल्या देशात परत जा."

बसस्टॉपवर मलाही कुणीतरी हेच ऐकवलं होतं. मी घरी येऊन पुस्तकात आणखी एक रांगोळी काढली होती.

"हे काय केलंस?" कॉफी घेऊन आलेल्या थुईनं विचारलं.

"पाय लागला ना. आम्ही पुस्तकाच्या पाया पडतो."

"या शिवीच्यासुद्धा?" तिचे डोळे चमकले. "हे पाया पडणं माझ्या पुढच्या पुस्तकात घेऊ?"

"खबरदार!" मी म्हणाले. "हे पान माझं आहे."