किती दिसलं?

तळ्याच्या अभ्यासाला लागून तिला महिनाही झाला नव्हता. दोरीला बांधलेली पांढरी तबकडी ती नावेतून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. निर्लज्ज शहराने आपली सगळी गटारं तळ्यात सोडलेली. तबकडी हातभरावरच गडप व्हायची.

"किती दिसलं गं पोरी?" नावाडीकाका दर खेपेला विचारायचे. कुणाला तरी तळ्याची पडलीय, या विचाराने तिला हुरूप यायचा.

"हातभरच, काका. पण ही गटारं बंद होऊ द्या, दोन हात तरी सहज दिसेल बघा!"

काकांचं वल्हं थांबलं.

"माझी लेक पडली तेव्हा मी लगेच उडी घेतली होती," ते म्हणाले. "नंतर सापडली ती इथंच. माझ्यापासून दोनच हातांवर होती."