शेपटीजवळचा छोटा पर

“ओढू नकोस! दमू दे त्याला!” वॉल्ट काठावरून ओरडला.

ऑरेगनमधल्या या नदीवर तीन आठवडे मी रोज येत होतो; वॉल्टची ओळख इथलीच. मासेमारीचा हा रॉड बायकोनं माझ्या रिटायरमेंटला घेतला होता. “घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस,” म्हणाली होती. आज पहिल्यांदाच मासा लागला. कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून मी तो जवळ आणला. हातभर लांब, चंदेरी स्टीलहेड. तिखलं करावं की तळावा, माझं मनात ठरतही होतं.

पाण्यात उतरून वॉल्टनं माशाच्या शेपटीजवळचा छोटा पर दाखवला. “हॅचरीच्या टाक्यांत वाढवून नदीत सोडलेल्या माशांचा हा कापलेला असतो, ओळखू यावेत म्हणून. याचा शाबूत आहे, म्हणजे हा नदीतलाच. कायद्यानं सोडावा लागेल. फोटो काढू? कोणाला पाठवायचाय?”

“कोणालाच नाही.”

“मग येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून धर त्याला. दम आला की आपणच जाईल. सॅमन अंडी घालून मरतात. या स्टीलहेडमधले काही मात्र पुन्हा समुद्रात जातात आणि परत इथेच येतात.”

मासा माझ्या तळव्यांत बराच वेळ श्वास घेत राहिला. मग शेपटी हलली आणि हात रिकामे झाले.

“ये हं,” मी मोठ्यानं म्हणालो.

गेल्या वर्षी ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून बायको शेवटचं “येते हं” म्हणाली होती. मी तेव्हा खाली मान घालून इन्शुरन्सचं कार्ड शोधत होतो.