नकाशातला गळ

मासा गळाला लागला होता. नकाशावाल्याच्या टेबलाभोवती सगळा विभाग गोळा झाला आणि साहेबांनी तर चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. एरवी त्यांचा हात फक्त दरवाजा दाखवायला उठायचा.

टेबलावर समोरच्या कंपनीचा फोन होता, तपासणीसाठी मुद्दाम घेतलेला. त्यावरच्या रस्ते दाखवणाऱ्या ॲपमध्ये, दगडाच्या खाणीच्या टेकडीवर, एक वळणदार रस्ता दिसत होता. हा रस्ता जगात कुठेच नव्हता. नकाशावाल्याने दोन बाजूंच्या दोन बंद वाटा मधोमध जोडून तो आपल्या कंपनीच्या नकाशात स्वतः काढला होता. त्यांच्या धंद्यात अशा खोट्या रस्त्याला गळ म्हणत. कुणी आपला नकाशा फुकटात उचलला की गळही सोबत जातो आणि चोरी उघडी पडते. गळ टाकायचा नियम एकच, जिथे कुणी चुकूनही जाणार नाही तिथे टाकायचा.

दोन्ही कंपन्यांचं हाडवैर. फोन वेगळे, ॲप वेगळी, आणि नजर सतत दुसऱ्याच्या ताटात. समोरच्यांकडे नवा पेट्रोल पंप दिसला, नवा पूल दिसला, की साहेब तणतणत यायचे, त्यांच्याकडे आहे मग आपल्याकडे का नाही म्हणून. संध्याकाळपर्यंत तो आपल्याकडेही यायचा. साहेबांची ही नक्कल नकाशावाल्याने एकदा जेवताना करून दाखवली, तेव्हा बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

बायको समोरच्या कंपनीत, त्याच कामावर. घरात दोन तऱ्हेचे फोन आणि दोन तऱ्हेचे चार्जर, एकाचा दुसऱ्याला चालत नसे. ऑफिसातली गुपितं घरात आणायची नाहीत असं लग्नाआधीच ठरलं होतं, आणि दोघांनीही ते इमानेइतबारे पाळलं होतं.

साहेब वकिलांना फोन लावायला गेले. गर्दी पांगली. नकाशावाल्याने गंमत म्हणून त्या फोनवर सासुरवाडीचा रस्ता विचारला.

निळी रेघ महामार्गाने गेलीच नाही. नदीच्या पलीकडे टँकर उलटला होता, महामार्ग बंद होता. रेघ खाणीच्या टेकडीकडे वळली आणि थेट त्याच्या रस्त्यावरून पलीकडे उतरली.

त्याने खिशातून आपला फोन काढला. बायको सकाळीच लेकीला घेऊन माहेरी निघाली होती. आणि ती आपल्याच कंपनीचं ॲप लावायची, दुसरं लावणं म्हणजे तिला गद्दारी वाटायची.

त्या दोन वाटांच्या मध्ये काय आहे ते त्याला ठाऊक होतं. खाण होती, सरळ खाली कापलेली, कठडा नसलेली. गळ टाकण्याआधी तो स्वतः जाऊन बघून आला होता. इकडे कोण मरायला येतंय, असं तेव्हा मनात म्हणाला होता. आज तर सकाळपासून हाताला हात दिसू नये असं धुकं होतं.

बायकोचा फोन लागेना. पुन्हा लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मग पोलिसांना लावला. तिथल्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पत्ता विचारला, थोडा वेळ काहीतरी शोधलं.

"असा रस्ताच नाही तिथे," तो म्हणाला.

"तेच सांगतोय मी."

"मग गाडी जाईल कशी तिथून?"

नकाशावाला जिना उतरून धावत सुटला. गाडीत बसून त्याने आपला फोन स्टँडला अडकवला आणि टेकडीचा पायथा टाकला. बायको सकाळी गेली तेव्हा जुना पूल मोकळा होता, आता टँकरमुळे रांग तिथपर्यंत आली होती. पण त्याच्या ॲपने लगेच दुसरी वाट काढून दिली, नव्या पुलावरून, निम्म्या वेळात. आपल्याच कंपनीवर त्याचं इतकं प्रेम कधी आलं नव्हतं.

पुढे धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं. तरी तो गाडी हाणत होता. लेकीला पुढच्या सीटवर बसायची हौस, आणि आई तिचं ऐकते. एका शब्दाने सांगितलं असतं बायकोला तर काय बिघडलं असतं? त्याला स्वतःच्या इमानदारीची शिसारी आली. देवा, ती कुठेतरी चहाला थांबलेली असू दे, टायर पंक्चर होऊ दे, काहीही होऊ दे.

फोन वाजला. बायको.

"किती फोन केलेस? इथे रेंजच नव्हती."

"आधी गाडी थांबव."

"थांबलेलीच आहे. टेकडीच्या पायथ्याशी. ॲप वर चढ म्हणत होतं, मी नाही चढले." ती हसत होती. "इतकी गोल गोल वळणं तुझ्याशिवाय कोण काढतं रे? बघताक्षणी कळलं, हा गळ आहे म्हणून."

मागे लेक कसलंसं गाणं म्हणत होती. नकाशावाल्याला रडू फुटलं आणि हसूही आलं. त्याने बाहीने डोळे पुसले. चाकांखाली खडी वाजायला लागली होती आणि रस्ता चढायचा सोडून उतरत होता, पण त्याचं लक्ष त्या गाण्याकडे होतं. तिथून हलू नकोस, मी आलोच, असं त्याने बायकोला बजावलं.

"आलोच कसा? जुन्या पुलावर तर ॲपमध्ये ही रांग दिसतेय."

"नव्या पुलावरून येतोय. हा काय, पोचलोच पुलाशी."

तिचं हसू थांबलं.

"ब्रेक दाब," ती म्हणाली. "तिथे पूल नाहीये. तो माझा गळ आहे."