माळावरचा हुंकार

मोबाईलमधला माळढोक घुमला, तसे आबांनी कान टवकारले. हूंऽऽ.

“वरच्यावर बोलतोय,” ते म्हणाले. “आपल्या माळावरचा खालनं बोलायचा, पार छातीतनं.”

“ह्यो राजस्थानातला हाय, आबा. पाखरांच्या वेबसाइटवरनं घेतलाय,” नात प्रगती म्हणाली. शिरूरच्या कॉलेजात प्रोजेक्टसाठी तिनं हाच पक्षी निवडला होता. महिनाभर नेट धुंडाळलं. त्यांच्या माळावरची एक नोंद सापडली, तीही वीस वर्षांपूर्वीची.

प्रोजेक्टचं तर निमित्त. वाडीमागचा माळ कंपनीला जाणार होता. माळ गेला की साठ मेंढरं विकायची, आणि मेंढरं गेल्यावर आबांनी जगायचं कशावर? एक जरी माळढोक निघाला, तर फॉरेस्टवाले मध्ये पडतील. बुडत्याला काडीचा आधार! पोर रोज पहाटे माळावर जाऊन ते रेकॉर्डिंग वाजवू लागली.

आणि काय सांगावं! आठव्या दिवशी ओढ्यापलीकडून उत्तर आलं. हूंऽऽ. तिनं आवाज टिपून वेबसाइटवर चढवला. संध्याकाळी कुणा जाणकारानं लिहिलं, नर आहे, वयानं बराच मोठा. पुढं चार पहाटे तो बोलला.

“दिसला का?” मेंढरं घेऊन परतलेल्या आबांनी विचारलं. दवानं त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

“न्हाई. गवत लई वाढलंय.”

“जवळ जाऊ नगं. बुजंल.”

फॉरेस्टच्या साहेबांनी गुरुवारी येतो म्हणून कळवलं. नेमकं रविवारी आबांनी अंथरूण धरलं. ताप, छातीत कफ, ढास लागली की थांबायचं नाव नाही. दौंडला अ‍ॅडमिट करा, डॉक्टरांनी बजावलं. पण म्हातारा ऐकतोय कुठला!

“सायेब येऊन जाऊ द्या. मग न्या कुठं बी.”

सोमवार, मंगळवार, बुधवार. माळ चिडीचूप. मेल्यानं ऐन वेळी दगा दिला, म्हणून प्रगतीला रडूच फुटलं.

“आबा, त्यो बोलंना ओ.”

“बोलंल,” आबा डोळे मिटूनच म्हणाले. “तू वाजीव.”

गुरुवारी ती उजाडायच्या आत निघाली. आबांच्या अंथरुणावर घोंगडं डोक्यापर्यंत ओढलेलं होतं. त्यांना उठवायचं तिच्या जिवावर आलं.

साहेब दोघं होते, हातात लांबलचक माईक. प्रगतीनं वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. एका साहेबानं घड्याळ पाहिलं.

तिसऱ्यांदा वाजवलं, आणि ओढ्यापलीकडून आवाज आला. हूंऽऽ.

साहेबांनी एकमेकांचे हात धरले. प्रगतीनं मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोलला. वाचला, माळ वाचला!

“अजून एकदा,” साहेब कुजबुजले.

तिनं वाजवलं. उत्तर आलं, खालून, पार छातीतून. मध्येच ते फुटलं, आणि गवतातून ती ओळखीची ढास सुरू झाली.