गरज नसलेलं गिऱ्हाईक

"हेमंत, तूच बस बाबा. मी बसले की भाव चढतो," वृंदा थकून म्हणाली.

खरेदीच्या साइट्स हल्ली कॅमेऱ्यातून गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतली गरज वाचून किंमत लावत. तिच्या वारलेल्या वडिलांचं, अण्णांचं, मन ज्या कॉम्प्युटरात साठवलं होतं, त्याचा मदरबोर्ड जळाला होता. आज नवा मागवला नाही तर अण्णा कायमचे पुसले जाणार होते. सासऱ्यांशी आयुष्यभर भांडलेला जावई या खरेदीला अगदी योग्य होता.

हेमंतने जांभई देत लॅपटॉपवर तीन साइट्स शेजारी शेजारी उघडल्या. भाव भराभर उतरले.

"घे ना पटकन!"

हेमंतची नजर अण्णांच्या गप्प स्पीकरवर जाऊन परत आली. तिन्ही भाव एकदम दुप्पट झाले.

वृंदा बघतच राहिली. "तू?"

"मग भांडू कोणाशी?" हेमंत म्हणाला.