तेहतिसावा हेडफोन

"आजपासून या शाळेत संगीताचं नवं युग सुरू होत आहे!" मुख्याध्यापिकांनी सोमवारी जाहीर केलं. नव्या युगाची पिन जुन्या बोर्डात बसेना, म्हणून ते मंगळवारी सुरू झालं.

आता नववीच्या वर्गात बत्तीस मुलं, बत्तीस टॅब, बत्तीस हेडफोन. मुलं काचेवर बोटं आपटत पेटी वाजवत. खरी पेटी कपाटात होती; तिच्यावर चार्जर ठेवलेले. हेडफोनशिवाय टॅबमधून आवाज निघत नसे. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंची तशी अटच होती. संगीताच्या सरांना तासभर ऐकू येई तो फक्त पंखा. त्यांनी तेहतिसाव्या हेडफोनसाठी अर्ज केला होता. 'गुण टॅबच देतो. शिक्षकांनी ऐकण्याची आवश्यकता काय?' असा शेरा मिरवत तो परत आला.

तेव्हापासून सर हजेरी मोठ्या आशेने घेत.

"चौदा?"

सरांचं पेन थांबलं.

"चौदा?"

"आली नाही सर. पोट बिघडलंय तिचं."

"अरेरे," सर म्हणाले. इतक्या आनंदाने 'अरेरे' त्यांना पूर्वी कधी जमलं नव्हतं.

चौदा नंबरच्या बाकात त्यांनी गुडघे कसेबसे कोंबले. हेडफोन चढवला. टॅबच्या कोपऱ्यात एक बटण होतं.

"हे कसलं रे?" त्यांनी पंधरा नंबरला कोपराने ढोसलं.

त्याने एक कान मोकळा केला. "ते 'सगळे' आहे सर. सगळ्यांचं एकदम ऐकू येतं. कुणी दाबत नाही."

सरांनी दाबलं.

एकतीस पेट्या. कुणी पुढे पळतंय, कुणी मागे रेंगाळतंय, एक पठ्ठ्या चुकीच्याच सुरावर ठाण मांडून बसलाय.

"अरे, कोमल! ग कोमल घे, गाढवा!" सर ओरडले.

एकही मान वर झाली नाही. सरांनी डोळे मिटले आणि बाकावर बोटांनी ठेका धरला. बराच वेळ धरला.

खांद्यावर टकटक झाली. पाठीवर दप्तर घेऊन चौदा नंबर उभी होती. सरांनी एक कान मोकळा केला.

"बरं वाटलं सर, म्हणून आले."

"कशाला?" सर बोलून गेले.

तिने हात पुढे केला. "माझा हेडफोन." मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहून हात जरासा मागे घेतला.

"तास संपल्यावर चालेल. आणि सर, पुसून द्या हं."